गुरुवारीच सुटणारी क्रूझ

“परत सुटली! ऐकतेस ना तू? परत सुटली!”

फ्यूजताईने मोबाइल कानापासून वीतभर लांब धरला. मास्तर फोनवरसुद्धा रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसं बोलत. सत्तावीस वर्षं गाडी शिकवून घशाची ही गत झाली होती.

“कधी सुटली मास्तर?”

“पहिल्यांदा चारला, मग चार वीसला. तिथून पुढे पायाने चालवली. घोटा सुजून भोपळा झालाय. पोचलो तेव्हा सहाला पाच कमी. पोरीने नुसतं बघितलं आमच्याकडे, उभी राहिलीच नाही!”

फोन बंद झाला. फ्यूजताईने समोर दिसेल त्याला, म्हणजे एका निरपराध हेडलाइटला, सणसणीत शिवी हासडली.

चिडू नये तर काय करावं? सलग पाचवा गुरुवार होता हा. गाडी वीस वर्षांची, मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमधली शेवटची. शाळा बंद झाली, बाकीच्या गाड्या गेल्या, ही तेवढी राहिली. तिला क्रूझ कंट्रोल होता. एकदा वेग ठरवून बटण दाबलं की गाडी आपली आपण त्याच वेगाने पळते, चालवणाऱ्याने पाय काढून घ्यायचा. ब्रेकला नुसता स्पर्श झाला की क्रूझ सुटते आणि गाडी पुन्हा चालवणाऱ्याच्या पायात येते.

मास्तरांना ही चैन नव्हती, गरज होती. त्यांच्या घोट्यात सळई होती. पाच-दहा मिनिटं गाडी चालवायला हरकत नव्हती, पण अडीच तास पेडल दाबून धरणं त्या पायाला झेपत नव्हतं. आणि दर गुरुवारी त्यांना अडीच तास जायचं असे. त्यांची एकुलती एक लेक जिन्यावरून पडली होती. मणक्याचं ऑपरेशन होऊन लांबच्या एका दवाखान्यात ती पुन्हा चालायला शिकत होती. भेटीची वेळ पाच ते सहा. आईबाबा समोर बसले की ती दोन दांड्या धरून उभी राहायची. ते नसले की डॉक्टरांनी लाख सांगितलं तरी ढिम्म. बस तीन ठिकाणी बदलावी लागे, आणि मास्तरीणबाईंना बस लागायची. म्हणजे क्रूझ नाही तर गुरुवार नाही, आणि गुरुवार नाही तर पोरगी उभी राहत नाही. सरळ हिशेब होता.

आणि हे सगळं येऊन अडलं होतं फ्यूजताईच्या हातावर.

गावातल्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. गॅरेज तिच्या थोरल्या भावाचं, पण वीज हिची. नाव काय ते लोक कधीच विसरले होते. तिने पहिल्या आठवड्यात ब्रेकचा स्विच बदलला. दुसऱ्या आठवड्यात क्रूझची रबरी नळी. तिसऱ्यात स्टिअरिंगजवळची बटणं. चौथ्यात वेग मोजणारी अख्खी वायर. दर वेळी स्वतः चालवून पाहिली, दर वेळी गाडी शहाण्यासारखी वागली, आणि दर गुरुवारी मास्तरांचा फोन आला.

शनिवारी सकाळी दोघं गाडी घेऊन आले. मास्तर लंगडत, बाई त्यांच्यामागे पिशवी घेऊन. बाई मुळातच कमी बोलणाऱ्या. नमस्कार करून स्टुलावर बसल्या.

दादाने लांबूनच फर्मावलं, “तापते गं ती. दुपारी जातात ना? जुन्या वायरी, उन्हात सैल होतात. सोड नाद आता.”

“तापते म्हणे! उन्हाळ्यापासून जातायत हे दर गुरुवारी. तेव्हा भाजून निघत होतं तरी काही झालं नाही. आणि आता थंडी पडली तर तापायला लागली?”

दादाने खांदे उडवले आणि तो कामाला लागला. फ्यूजताईने मास्तरांपुढे स्टूल ओढलं.

“पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका.”

मास्तरांनी खिशातून वही काढली. शिकवण्याची खोड, दर फेरीची नोंद. अक्षर मात्र हल्ली एवढं मोठं झालं होतं, की एका पानावर चार ओळी मावत होत्या.

“पहिला गुरुवार. तीन पन्नास. वेग ऐंशी. पुढे मालट्रक सावकाश. क्रूझ सुटली. बरंच झालं, नाहीतर ब्रेक मारावा लागला असता. दुसरा गुरुवार. चार पाच. वेग ऐंशी. रस्त्याचं काम, माणूस लाल झेंडा घेऊन. सुटली. तिसरा—”

“नुसत्या वेळा आणि वेग सांगा मास्तर. ट्रक नि झेंडे माझ्या काय कामाचे?”

इथे तिने माती खाल्ली, पण तिला तेव्हा कळलं नाही. ती आकड्यांवर जगणारी बाई. तिने वेळा कागदावर उतरवल्या. सगळ्या साडेतीन ते साडेचारमधल्या.

“येताना कधी सुटली?”

“येताना नाही. रात्री तिथेच दवाखान्याच्या खोल्यांत राहतो, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला निघतो. येताना एकदम गुणी बाळ.”

“सुटते तेव्हा तुमचे पाय कुठे असतात?”

“जमिनीवर! दोन्ही! मी काय शिकाऊ आहे का?”

“रागावू नका. विचारावं लागतं. बाई, तुम्हाला काही जाणवतं? आवाज? झटका?”

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “एकदम हळू होते. कळतसुद्धा नाही.”

“हिला काय विचारतेस!” मास्तर हसले, त्या दिवशी पहिल्यांदाच. “हिला कधी काही जाणवत नाही. बाया हिच्याकडे शिकायच्या. सगळ्या म्हणायच्या, बाईंनी कधी त्यांच्या बाजूचा ब्रेक मारलाच नाही. माझे विद्यार्थी मात्र मान चोळत उतरायचे.”

फ्यूजताईही हसली. ती स्वतः बाईंकडेच शिकली होती. पहिल्याच दिवशी चौकात म्हैस आडवी आली, तेव्हा आपण आपल्या पायाने गाडी थांबवली होती, हे ती आजही लोकांना अभिमानाने सांगत असे.

मग ती गाडीत आडवी शिरली आणि दीड तास डॅशबोर्डखाली डोकं घालून पडली. एक एक जोड ओढून पाहिला, सगळे पक्के. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्याचा जादा क्लच नि जादा ब्रेक अजून तसेच होते. मास्तरांनी आठवण म्हणून काढले नव्हते. क्लचच्या रबरावर बोटभर धूळ. ब्रेकचं रबर लखलखीत. एवढ्या टापटिपीच्या बाई, आणि पुसताना एक पुसतात नि एक सोडतात, असं तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात हातातला स्क्रू नेमका सीटखाली गेला आणि तिचं डोकं पुन्हा फिरलं.

रविवारी ती एकटीच गाडी घेऊन त्याच रस्त्यावर गेली. तीच वेळ, तोच वेग. साडेतीन वाजले, चार वाजले, साडेचार वाजले. क्रूझ सुटेना. सूर्य सरळ काचेत येत होता. तिने काळा चष्मा लावला आणि गाडीला विनवण्या केल्या. “सूट गं बाई, एकदा तरी सूट!” गाडीने मेंढरासारखं ऐंशी धरून तिला दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेलं आणि परत आणलं.

घरी येऊन ती जेवलीसुद्धा नाही. ज्या रोगाची लक्षणं डॉक्टर आला की पळून जातात, तो रोग पकडायचा कसा? मास्तरांनी चालवली की सुटते. मी चालवली की सुटत नाही. मग मास्तर आणि मी, यांत फरक कशाचा? वजनाचा? सीटचा? नशिबाचा?

बुधवारी संध्याकाळी तिने ठरवलं. ब्रेकच्या दिव्याकडे जाणाऱ्या वायरीला एक जोड दिला, तो गालिच्याखालून मागच्या सीटपर्यंत आणला आणि टोकाला शेंगदाण्याएवढा बल्ब बसवला. ब्रेकला कुठूनही धक्का लागला, की बल्ब पेटणार. नाही पेटला, तर दोष दुसरीकडे.

“उद्या मी मागे बसून येते,” ती मास्तरांना म्हणाली. “उद्या नाही सापडलं, तर मी हात टेकले.”

“उद्या नाही सापडलं, तर आम्हीही,” मास्तर हळू बोलले. तेवढं हळू बोलताना तिने त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

गुरुवारी अडीचला निघाले. मास्तर चालवायला, बाई शेजारी, थंडी म्हणून शाल गुडघ्यांपासून पावलांपर्यंत पांघरलेली. फ्यूजताई बाईंच्या मागे बसली, म्हणजे मास्तरांचे पाय तिरपे नीट दिसत. शहर संपलं, क्रूझ लागली, मास्तरांनी दोन्ही पाय मागे घेऊन सपाट टेकवले. बल्ब तिच्या तळहातात.

तीन बावन्नला बल्ब पेटला.

डोळ्याचं पातं लवावं एवढाच. गाडीचा जोर ओसरला. मास्तर ओरडले, “बघ! बघ!”

तिने बघितलंच होतं. मास्तरांचे पाय जागचे हलले नव्हते. म्हणजे ब्रेक लागला, पण मास्तरांनी लावला नाही. नवा कोरा स्विच, पक्के जोड, आणि तरी ब्रेक लागला. तिला स्वतःचेच केस उपटावेसे वाटले.

“पुन्हा लावा क्रूझ,” ती म्हणाली.

या वेळी तिने बल्ब मुठीत झाकून धरला आणि नजर समोर रस्त्यावर ठेवली. ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. बऱ्याच अंतरावर लोखंडी नळ्या भरलेला एक लांबलचक ट्रेलर मुंगीच्या पावलाने चालला होता. मागे दिवा नाही, फडकं नाही. जवळ येत चालला. आता मास्तर पाय उचलतील, तिला वाटलं. मास्तरांनी नाही उचलला. अजून जवळ. तिने ओरडायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बोटांच्या फटींतून बल्ब चमकला. गाडी हळू झाली.

“आं?” मास्तर पुढे वाकले. “हा कुठून उगवला?” आणि त्यांनी ब्रेक दाबला.

फ्यूजताईने मूठ उघडून बल्बकडे पाहिलं. मग म्हणाली, “मास्तर, पुढे टपरी दिसली की गाडी बाजूला घ्या. सापडलं.”

“सापडलं? काय सापडलं?”

“थांबा तरी आधी.”

टपरीसमोर गाडी थांबली. तिघं उतरले. फ्यूजताईने पिशवीतून पाना काढला आणि शेजारच्या सीटचं दार उघडलं.

“हा शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक आहे ना, सगळा उपद्व्याप याचा. हा मास्तरांच्या ब्रेकला जोडलेला. इथे हात लागला की तिकडे क्रूझ सुटते. दोन बोल्ट आहेत, आत्ता काढून फेकते. मग क्रूझ कधी सुटायची नाही.”

“काढ!” मास्तर म्हणाले. “एवढंच होतं? काढ आणि टाक भंगारात!”

“नको!”

हे बाई म्हणाल्या. एवढ्या मोठ्याने, की टपरीवाल्याने वळून पाहिलं.

“का नको बाई?”

“असू दे. जुना आहे. आठवण आहे.”

“मग क्लच काढू? तोही आठवणच आहे.”

“क्लच काढ हवा तर.”

फ्यूजताईने पाना खाली ठेवला. “क्लचवर बोटभर धूळ आहे बाई, आणि ब्रेकचं रबर आरशासारखं. धूळ कापडाने नाही गेली, पायाने गेली. शालीखालून.”

मास्तर एकदा बाईंकडे, एकदा फ्यूजताईकडे बघत राहिले. “म्हणजे? ही ब्रेक मारत होती? क्रूझ ही सोडत होती? आणि माझा घोटा… अगं, गेल्या गुरुवारी पोरगी उभी राहिली नाही तुझ्यामुळे! वेड लागलंय का तुला?”

“मास्तर, त्यांना ओरडू नका,” फ्यूजताई म्हणाली. “ओरडायचं तर मला ओरडा. तुम्ही शनिवारी वहीतून सगळं वाचून दाखवत होतात आणि मी म्हटलं, नुसते आकडे सांगा. ट्रक, झेंडा, आज ट्रेलर. रस्ता मोकळा असताना एकदा तरी सुटली क्रूझ? एकदाही नाही. दर वेळी पुढे काहीतरी होतं. वायरीला पुढचा ट्रक दिसत नाही मास्तर. माणसाला दिसतो.”

मास्तरांनी खिशातली वही काढून डोळ्यांजवळ धरली.

“मग वाटलं, उन्हाळ्यात का नाही सुटली? कारण तेव्हा चारला सूर्य बराच वर असायचा. दिवस लहान झाले, तसा तो चारलाच काचेत यायला लागला. जाताना समोर, म्हणून जाताना सुटते. येताना दुपारी समोर नसतो, म्हणून सुटत नाही. मी एकटी आले तेव्हा बाई नव्हत्या, म्हणून सुटली नाही. ट्रेलर मला दीड फर्लांगावरून दिसला. तुम्हाला गाडी हळू झाल्यावर दिसला.”

“ऊन होतं डोळ्यांत,” मास्तर म्हणाले.

“माझ्याही होतं. तो समोरचा फलक वाचा बरं.”

टपरीपलीकडे वीस पावलांवर पंक्चरवाल्याचा फलक होता, हातभर अक्षरांचा. मास्तरांनी डोळे बारीक केले. मान तिरकी केली. मग चष्मा काढून पुसायला लागले, आणि बराच वेळ पुसतच राहिले.

“बाई,” फ्यूजताईने विचारलं, “सांगितलं का नाहीत?”

“पहिल्या गुरुवारी सांगितलंच की. म्हटलं, आज मी चालवते. म्हणाले, मी मेलोय का? दुसऱ्या गुरुवारी म्हटलं, डोळे दाखवून या. तर दोन दिवस अबोला.” बाईंनी मास्तरांकडे बोट दाखवलं. “मग काय करणार होते मी? गुरुवार चुकवायचा नाही, आणि मरायचंही नाही. ट्रक जवळ आला की पावलाचं टोक लावायची. ब्रेक लागायच्या आधी क्रूझ सुटते, तेवढंच. गाडी हळू झाली की यांना दिसायचं. घोटा सुजला की रात्री मीच शेकायची. मला काय बरं वाटत होतं?”

“आणि मला कळलं नाही?” मास्तर पुटपुटले. “मला?”

“तुम्हीच शिकवलंत. शिकणाऱ्याचा धीर सुटता कामा नये, त्याला वाटलं पाहिजे गाडी आपणच थांबवली. तुम्हाला स्वतःला कधी जमलं नाही ते. मला जमलं.”

फ्यूजताईला चौकातली म्हैस आठवली, आणि तिचे कान तापले. पण ती वेळ तिच्या अब्रूची नव्हती.

मास्तर टपरीच्या बाकावर बसले. “मोतीबिंदू आहे,” ते शेवटी म्हणाले. “दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरने दोन महिन्यांपूर्वी सांगितलं. ऑपरेशन केलं की काही आठवडे गाडी बंद. एवढे गुरुवार गेले असते. कोणी नेलं असतं आपल्याला?”

“मी!” बाई कडाडल्या. “मी नेलं असतं! लायसन्स नवं करून आणलंय मी गेल्या महिन्यात. पर्समध्ये घेऊन फिरतेय. विचारलंत कधी?”

चार पंधरा झाले होते. फ्यूजताईने घड्याळ दाखवलं. मास्तरांनी किल्ली काढली, क्षणभर मुठीत धरली आणि बाईंच्या हातावर ठेवली.

बाईंनी सीट पुढे ओढली, आरसे आपल्यापुरते लावले आणि गाडी रस्त्याला घातली. क्रूझच्या बटणाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मास्तर शेजारी अंग चोरून बसले. चार-पाच मैल गेल्यावर त्यांनी फोन काढला, नाकाला लावून नंबर शोधला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात सुरुवात केली.

“अगं, येतोय. सव्वापाचपर्यंत पोचतो. आज आई चालवतेय… हो, आई. मीच म्हटलं तिला, घे आज तू.”

बाईंनी रस्त्यावरची नजर काढली नाही. “हो गं, यांनीच दिली!” त्या फोनला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या.

“आणि ऐक,” मास्तर म्हणाले. थांबले. आवाज उतरला. “मला मोतीबिंदू झालाय. नीट दिसत नाही. तुला सांगितलं नव्हतं.”

पलीकडून मुलगी बराच वेळ बोलत होती. मास्तर हूं हूं करत राहिले. मग फोन मांडीवर ठेवला.

“काय म्हणाली?” बाईंनी विचारलं.

“म्हणते, मला माहीत होतं बाबा. मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा हात सोडून उभी राहिले, तेव्हा तुम्ही शेजारच्या पलंगावरच्या बाईकडे बघून टाळ्या वाजवल्यात.”

मागे बसलेल्या फ्यूजताईने बल्बची वायर उपटून काढली. “म्हणजे तिलाही माहीत, बाईंनाही माहीत, तुम्हालाही माहीत! आणि मी चार वेळा डॅशबोर्ड उघडला!”

मास्तर हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. बाईंनी वेग थोडा वाढवला.